ड्रम कोरच्या स्पर्धांचं परीक्षण: टिकपासून आजच्या शीटपर्यंत

सुमेधा_इंडी

मंडळी, इथे ढोल-ताशा, लेझीम, बँड सगळ्यावर धागे आहेत पण ड्रम कोरवर एकही दिसला नाही म्हणून काढतेय. लेक हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये मरिंबा वाजवते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या घरात डीसीआय सोडून दुसरा विषय नसतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्रम कोर इंटरनॅशनल (डीसीआय) ही अमेरिकेतली स्पर्धा, १९७२ पासून चालू आहे. फुटबॉलच्या मैदानावर दीडशेच्या आसपास पोरं, सगळी साधारण एकवीस वर्षांपर्यंतची, मुख्यतः ब्रास, ड्रम्स आणि कलर गार्ड (झेंडे, रायफली, सेबर फिरवणारे), बासरी-क्लॅरिनेट-सॅक्सोफोनला अजूनही मनाई. अकरा-बारा मिनिटांचा एक शो, तोच अख्खा उन्हाळा घासायचा, बसमधून गावोगाव फिरायचं, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपायचं आणि ऑगस्टमध्ये फायनल. २००९ पासून फायनल आमच्या इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये असते.

आता मुद्दा. इतकी वर्षं बघून आणि जुन्या रेकॉर्डिंग्ज पालथ्या घालून माझं ठाम मत झालंय की मैदानावर काय दिसणार हे दिग्दर्शकाच्या आधी जजच्या हातातलं शीट (मार्कांचा तक्ता) ठरवतं. शीट बदललं की दोन-तीन वर्षांत शो बदलतो. लोक म्हणतात जमाना बदलला, पोरांची आवड बदलली, ते खरं असेलही, पण कशाला मार्क मिळतात हे बदललं हे त्याहून मोठं कारण आहे.

मुळात हे सगळं आलं माजी सैनिकांच्या संघटनांकडून. अमेरिकन लीजन आणि व्हीएफडब्ल्यू, पहिल्या महायुद्धानंतर त्यांच्या गावोगावच्या शाखांनी पोरांची पथकं काढली, स्पर्धाही त्यांच्याच, नियमही त्यांचेच. त्यामुळे परीक्षण लष्करी थाटाचं. स्पर्धेआधी इन्स्पेक्शन, म्हणजे बूट चकचकीत आहेत का, बटणं लावलीत का, वाद्य पुसलंय का, तिथेच पॉइंट जायला सुरुवात. शोमध्ये राष्ट्रध्वजाचा मान राखणारा भाग सक्तीचा आणि ध्वज जमिनीला लागला तर जबर दंड. आणि वाजवण्या-चालण्याचं परीक्षण टिकवर. कॅप्शनचे (म्हणजे परीक्षणाच्या एकेका विभागाचे) जे काही पॉइंट असतील त्यातून प्रत्येक चुकीला ०.१ वजा. जज हातात क्लिपबोर्ड घेऊन पोरांच्या मधून फिरायचा आणि चूक दिसली की एक रेघ, ऐकू आली की एक रेघ.

१९७१ ला कॅव्हेलियर्स, मॅडिसन स्काउट्स, सांता क्लारा व्हॅनगार्ड, ट्रूपर्स आणि ब्लू स्टार्स या पाच पथकांनी एकत्र येऊन सांगितलं की शोचे नियम, मानधन आणि परीक्षण यात आमचं काही चालणार नसेल तर आम्ही आमचं बघतो. ट्रूपर्सचे जिम जोन्स आणि कॅव्हेलियर्सचे डॉन वॉरन हे दोघं त्यात पुढे होते. त्यातूनच पुढच्या वर्षी डीसीआय उभं राहिलं, पहिली फायनल विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला, अनाहाइम किंग्समेन जिंकले. पण टिक काही लगेच गेली नाही, डीसीआयमध्येसुद्धा ती १९८३ पर्यंत होती. १९८४ ला काढली आणि माझ्या मते ड्रम कोरच्या इतिहासातला तो सगळ्यात मोठा बदल, वाद्यांच्या सगळ्या बदलांपेक्षा मोठा.

बाकीच्यांनी लिहा, विशेषतः ज्यांची मुलं वाजवतात किंवा जे स्वतः शिकवतात.

पथकवाला

मस्त धागा ताई. मी पुण्यात पथकात वाजवतो, हे ड्रम कोर यूट्यूबवरच बघितलंय पण स्नेअर लाईन (स्नेअर ड्रमवाल्यांची रांग) बघून वेड लागतं. एक विचारायचंय. चूक मोजून मार्क कापणं यात वाईट काय? ती निदान सगळ्यांना सारखी असेल ना. मत आलं की वशिला आला.

सुमेधा_इंडी

@पथकवाला, ऐकायला अगदी सरळ वाटतं, मलाही आधी तसंच वाटायचं. पण प्रत्यक्षात बघा. स्नेअर लाईनमध्ये समजा आठ जण आहेत, जज त्यांच्यापासून दोन-तीन फुटांवर वाकून उभा. डाव्या टोकाच्या तिघांच्या काठ्यांकडे बघतोय, तिथे एकाचा फ्लॅम (जवळजवळ एकत्र पडणारे दोन ठोके) उघडा पडला, रेघ. त्याच क्षणी उजव्या टोकाला दोघं रोल लवकर सोडून मोकळे, ते त्याला दिसलंच नाही. म्हणजे मोजणी तर झाली पण ज्या चुका समोर आल्या त्यांचीच झाली. दुसरा जज असता तर दुसऱ्या चुका मोजल्या असत्या. शिवाय किती उघडा पडला की चूक म्हणायची हे शेवटी त्याच्या कानावरच, कोणी कडक कोणी सैल. मत तिथेही होतंच, फक्त आकड्याच्या मागे लपलेलं.

आणि याहून वाईट म्हणजे टिकमुळे शिकवणारे घाबरून लिहायला लागले. अवघड पॅसेज घातला तर चुका जास्त होणार, प्रत्येक चुकीला ०.१ जाणार, आणि तो पॅसेज अवघड होता याचे मार्क एक्झिक्युशनच्या (सफाईच्या) शीटवर कुठेच नाहीत. मग जे स्वच्छ निघेल तेच लिहा. शुद्धलेखनाच्या चुका मोजून निबंधाला मार्क देणारे मास्तर असले की पोरं छोटी छोटी सोपी वाक्यं लिहितात ना, तेच. जनरल इफेक्ट (शोचा एकूण परिणाम) यासारख्या कॅप्शन तेव्हाही होत्या आणि तिथे जज मत देऊन पॉइंट चढवायचे, पण एक्झिक्युशनचा धाक सगळ्या शोवर होता.

१९८४ ला उलटं केलं. शून्यापासून वर चढायचं. काय वाजवलं आणि कसं वाजवलं या दोन्हीचा विचार करायचा, म्हणजे अवघड गोष्ट बऱ्यापैकी जमली तर सोप्या गोष्टीच्या तोडीचे किंवा जास्त मार्क मिळू शकतात. आजही बहुतेक कॅप्शनचं शीट उघडलंत तर दोन चौकटी असतात, एक कंटेंट आणि एक अचीव्हमेंट, दहा-दहाच्या.

अनिकेत_डॅलस

सुमेधाताई, इथे मी थोडा आडवा येतो. मी इथे एका हायस्कूलला पर्कशन टेक म्हणून काम करतो, ड्रमलाईन शिकवतो, त्यामुळे या शीट्सशी रोजचा संबंध. शीट शो ठरवतं हे ऐंशी टक्के पटतं पण १९८३ चं काय करणार? टिकचं शेवटचं वर्ष, मायामीची फायनल, आणि जिंकलं कोण तर गारफिल्ड कॅडेट्स. जॉर्ज झिंगालीची ड्रिल, म्हणजे मैदानावरच्या हालचालींची आखणी. वळणदार फॉर्म, वेग, एक आकार मोडून त्यातूनच दुसरा निघतोय, तोपर्यंत पन्नास यार्डच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आरशासारखी सारखी ड्रिल असायची ती यांनी धाब्यावर बसवली. म्हणजे टिकचा सगळा धोका डोक्यावर असताना त्यांनी हे केलं आणि पूर्वेकडच्या पथकांमधून डीसीआयचं विजेतेपद पहिल्यांदा आणलं. मग १९८४ आणि १९८५ पण त्यांचंच, लागोपाठ तीन. तेव्हा मला तरी वाटतं की काही वेडी माणसं शीटच्या पुढे धावतात आणि शीट त्यांच्या मागून येतं.

दुसरं, टिकच्या बाजूनेही थोडं बोलायला हवं. जुने शिक्षक अजून सांगतात की तेव्हा पोरांना नेमकं कळायचं. शो झाला की शीटवर रेघा, कुठल्या कॅप्शनला किती गेल्या, उद्या सकाळी काय घासायचं ते स्पष्ट. आज पोराला सांगतो की तुमच्या अचीव्हमेंटला अमुक मिळाले तर ते विचारतं सर म्हणजे नक्की काय चुकलं, आणि मला जजची टेप ऐकवून समजवावं लागतं.

टेप हा प्रकार इथे कोणी लिहिला नाही म्हणून लिहितो, कारण मला विचाराल तर परीक्षणातली सगळ्यात मोलाची गोष्ट आकडा नाही, टेप आहे. जज शो बघता बघता सतत बोलत असतो आणि ते रेकॉर्ड होतं, मागे तुमचा शो वाजतोय आणि वर त्याचा आवाज. पूर्वी कॅसेट असायची, शो संपला की पथकाच्या हातात यायची आणि स्टाफ बसमध्ये ऐकत बसायचा, आता डिजिटल फाईल येते. चांगल्या जजची टेप म्हणजे शिकवणीच असते. हां हा क्रेसेंडो छान उघडला, आता बास लाईन, दुसरा ड्रम मागे राहतोय, राहतोय, हां आला, टेनर्सच्या काठ्यांची उंची बघा सगळ्यांची वेगळी आहे, असं चाललेलं असतं. आणि वाईट जजची टेप म्हणजे बारा मिनिटं छान छान आणि शेवटी आकडा कमी. अशी एक टेप आमच्या पोरांना एका लोकल स्पर्धेत मिळाली होती, कौतुकच कौतुक आणि पर्कशनला खालून दुसरे. दोन मुली रडत होत्या, मला त्यांना सांगायला काही नव्हतं.

मंजिरी_के

शिकवणाऱ्यांसाठी टेप असेल पण आमच्यासारख्या स्टँडमध्ये बसणाऱ्यांचं काय? मी व्हॅनगार्डची जुनी चाहती, सांता क्लाराला राहायला आल्यापासून. माझं म्हणणं असं की टिक गेली आणि प्रेक्षकाच्या हातातून निकाल निसटला. पूर्वी सामान्य माणूसही म्हणू शकायचा की यांचा झेंडा पडला, त्यांचा नाही पडला, हे स्वच्छ वाजवले. आता डिझाईन, लेयर्स, इंटेलेक्चुअल इफेक्ट असले शब्द आले आणि आपण जिथे उभं राहून ओरडलो तो शो पाचवा येतो. १९९३ बघा ना, स्टार ऑफ इंडियानाचा शो. लोकांना झेपलाच नाही, स्टँडमधून हुर्यो झाली अशा कहाण्या आहेत, आणि जजेसनी त्यांना कुठे ठेवलं तर पहिल्यापासून फक्त ०.१ खाली.

सुमेधा_इंडी

मंजिरी, १९९३ चा विषय काढलास म्हणून जरा लांबण लावते कारण माझ्या दृष्टीने नव्या परीक्षणाची खरी कसोटी तिथेच लागली.

कॅडेट्स ९७.४, स्टार ९७.३. कॅडेट्सचा शो म्हणजे त्या काळातला उत्तम शो कसा असावा याचा नमुना, वेगवान, चढता, टाळ्यांच्या जागा बरोबर जिथे हव्यात तिथे. स्टारचा शो कोरडा आणि टोकदार, विसाव्या शतकातलं अवघड संगीत, टाळ्यांना जागाच दिलेली नाही, रंग जवळपास काळा-पांढरा, पण पोरांचं अंग इतकं एकजीव हलतंय की आज तीस वर्षांनी बघतानाही मी पॉज करून करून बघते. टिकच्या काळात हा शो कोणी लिहिला असता का? मला नाही वाटत. इतकं उघडं, इतकं हळू, एका बोटाची चूक दिसेल असं कोण लिहिणार. पण नव्या शीटवर त्याला जागा होती. आणि गंमत म्हणजे पुढच्या वीस वर्षांत सगळ्यांनी त्याच दिशेने पाय टाकले, अंगाची हालचाल, सरपटणं, वाकणं, हे सगळं कलर गार्डपुरतं होतं ते हॉर्नलाईनमध्ये (ब्रास वाजवणाऱ्यांमध्ये) आलं. स्टार मात्र त्याच वर्षी डीसीआय सोडून गेले आणि त्याच मंडळींचं पुढे ब्रॉडवेला ब्लास्ट झालं, २००१ ला टोनी मिळालं त्याला.

@अनिकेत, १९८३ चा तुझा मुद्दा बरोबर आहे, झिंगाली शीटच्या पुढे होता. पण त्याच्या मागून बाकीची पथकं कधी धावली? १९८४ नंतर. एकट्याने धोका पत्करणं वेगळं आणि सगळ्यांना तो परवडणं वेगळं, ते शीट बदलल्यावरच झालं. हे मी सोडणार नाही.

आणि मंजिरी, प्रेक्षकाच्या हातातून निकाल निसटला हे तुझं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. ते नुकसान खरंच झालं.

पथकवाला

१९९३ चे दोन्ही आत्ता शोधले, रात्री बघतो. मला एक कळत नाही, हे ०.१, ०.०२५ वगैरे पॉइंट येतात कुठून? ०.०२५ चा पॉइंट कोणता जज देतो?

अनिकेत_डॅलस

कोणीच देत नाही, तो भागाकारातून येतो. आजची रचना सांगतो, सोपी आहे.

एकूण १००. त्यातले ४० जनरल इफेक्टचे, दोन जज, प्रत्येकी २०, ते सरळ बेरजेत. मग व्हिज्युअलचे ३०, त्यात तीन कॅप्शन: व्हिज्युअल प्रोफिशियन्सी, व्हिज्युअल अॅनालिसिस आणि कलर गार्ड, प्रत्येकी २०, म्हणजे बेरीज ६० आणि तिचे निम्मे. म्युझिकचे ३०, तसंच, ब्रास, म्युझिक अॅनालिसिस, पर्कशन.

उदाहरण म्हणून एक पथक घेऊ. इफेक्टला १९.६ आणि १९.५, झाले ३९.१. व्हिज्युअलला १९.४, १९.५, १९.६, बेरीज ५८.५, निम्मे २९.२५. म्युझिकला १९.५, १९.३, १९.६, बेरीज ५८.४, निम्मे २९.२. एकूण ९७.५५. म्हणजे ब्रासच्या जजने ०.१ कमी दिला तर तुमचे ०.०५ जातात. मोठ्या स्पर्धेत एकेका कॅप्शनला दोन-दोन जज असतात आणि त्यांची सरासरी घेतात, तेव्हा एका जजचा ०.१ म्हणजे आधी सरासरीत ०.०५ आणि मग निम्मे झाल्यावर ०.०२५. बस, तो आकडा हाच. पूर्ण फायनलमध्ये एका माणसाने एका चौकटीत एक दशांश इकडचा तिकडे केला तर.

आणि याच फरकाने २००८ चं विजेतेपद गेलंय. फँटम रेजिमेंट ९८.१२५, ब्लू डेव्हिल्स ९८.१००.

त्याआधी तर तीनदा टाय झाले. १९९६ ला फँटम आणि ब्लू डेव्हिल्स, १९९९ ला ब्लू डेव्हिल्स आणि व्हॅनगार्ड, २००० ला कॅव्हेलियर्स आणि कॅडेट्स. पाच वर्षांत तीन. त्यानंतर पहिल्या नंबरला टाय झालेला नाही.

विद्या_वसई

मी ड्रम कोर कधी बघितलं नाही पण धागा वाचून राहवत नाहीये, कारण माझा विषय फिगर स्केटिंग आणि जिम्नॅस्टिक्स. तिथे बरोब्बर उलटा प्रवास झालाय! जिम्नॅस्टिक्समध्ये १०ला १०, नादिया कोमानेचीचा १९७६ चा मॉन्ट्रियलचा दहा सगळ्यांना आठवतो, तो दहाचा आकडा २००६ ला काढून टाकला. आता काठिण्याचा वेगळा स्कोअर, त्याला वरची मर्यादा नाही, आणि सादरीकरणाचा वेगळा, त्यातून चुकांचे कापतात. स्केटिंगमध्ये २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकला जोडी प्रकारात मतांच्या देवाणघेवाणीचा आरोप झाला, मोठं प्रकरण, शेवटी दोन जोड्यांना सुवर्ण द्यावं लागलं, आणि त्यानंतर ६.० ची पद्धत जाऊन प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला ठरलेले पॉइंट आले. म्हणजे त्यांनी मतावरून मोजणीकडे धाव घेतली आणि तुम्ही मोजणीवरून मताकडे गेलात. दोघांनाही आधीच्या पद्धतीत अन्याय दिसला.

आणि तुमच्या सुमेधाताईंचं शीट शो ठरवतं ते स्केटिंगमध्ये डोळ्यांनी दिसतं. पाय हाताने धरून डोक्यावर ताणलेली ती गिरकी आठवा, तिला लेव्हल मिळते म्हटल्यावर सगळ्या जणी तेच करायला लागल्या, कोणाला शोभतं कोणाला नाही, पण पॉइंट आहेत ना.

सुमेधा_इंडी

@विद्या_वसई, फार छान मुद्दा आणलात, असा विचार मी केला नव्हता. ड्रम कोरला तसं करता येईल का याचा काल रात्री विचार करत बसले. मला अवघड वाटतं कारण स्केटिंगमध्ये उड्यांची यादी ठरलेली आहे, ट्रिपल म्हणजे ट्रिपल. इथे दीडशे जण एकाच वेळी वेगवेगळं करतायत, आणि अवघडपणा बऱ्याचदा एका गोष्टीत नसतो, मागे पळत पळत पोटात वारा नसताना लांब सूर धरणं, तोही साठ यार्ड लांब उभ्या असलेल्या ड्रमच्या ठोक्याशी जुळवून. त्याला ठरलेले पॉइंट कसे लावणार? तिथे माणसाचंच डोकं लागतं.

कौस्तुभ_जे

सगळे चांगलं लिहितायत पण खरी मेख कोणी लिहीत नाहीये, स्लॉटिंग. जजला माहीत असतं ब्लू डेव्हिल्स म्हणजे वरचा पाटा. संध्याकाळी क्रम ठरलेला, दुबळे आधी, बलाढ्य शेवटी. पहिल्या पथकाला तुम्ही कितीही आवडलात तरी १९ देऊ शकत नाही कारण पुढे दहा जण यायचेत, जागा ठेवावी लागते. फायनलचा क्रम साधारण सेमीफायनलच्या निकालाच्या उलटा, म्हणजे शेवटी येणाऱ्याला आधीच पहिला म्हणून जाहीर केल्यासारखं. आणि सीझनभर आकडे कसे चढतात बघा, जूनमध्ये सत्तरीत असलेलं पथक ऑगस्टला नव्वदीत. पोरं सुधारतात हे खरंच, पण सगळे एकाच चढणीवर ठराविक अंतर राखून कसे चढतात? टिकच्या काळात हे करणं कठीण होतं. रेघा मोजून दाखवाव्या लागायच्या.

अनिकेत_डॅलस

कौस्तुभ, स्लॉटिंग नाही असं मी म्हणणार नाही. पण जागा ठेवणं हे त्या पद्धतीतच आहे आणि ते लपवलेलंही नाही, शिकवतातच जजना तसं: आधी एकूण ठसा, मग विश्लेषण, मग बाकीच्यांशी तुलना. शीटच्या मागे निकष छापलेले असतात, कुठल्या पातळीचं काम कुठल्या बॉक्समध्ये पडतं, तिथे पट्टा ठरतो आणि पट्ट्याच्या आत कोण वर कोण खाली हे तुलनेने. त्यामुळे १९७२ चा ८८ च्या आसपासचा विजयी स्कोअर आणि २०१४ चा ब्लू डेव्हिल्सचा ९९.६५ यांची तुलना करूच नये, ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत. एक उणे चुका आणि दुसरा त्या रात्रीची रांग.

आणि रांग बदलते. बोस्टन क्रुसेडर्स किती वर्षं मधल्या फळीत होते, २०२५ ला जिंकले ना? ब्लूकोट्स २०१६ ला पहिल्यांदा जिंकले. पाटा पक्का असता तर हे झालं नसतं.

माझी एकच मागणी आहे. रीकॅप (निकालाचा तपशीलवार तक्ता) तर आज लगेच ऑनलाईन येतो, कुठल्या जजने कुठल्या चौकटीत काय दिलं सगळं नावानिशी, ते उत्तमच. तसंच निदान फायनलच्या टेप सीझन संपल्यावर सगळ्यांसाठी खुल्या करा. मंजिरीताई म्हणतात तसा प्रेक्षकाच्या हातातून निकाल निसटलाय, तो परत द्यायचा हाच रस्ता मला दिसतो. लोक ऐकतील की हा माणूस काय बघत होता.

मंजिरी_के

याला माझं शंभर टक्के अनुमोदन! मी दोन-दोन तास बसून ऐकेन.

आणि कोणीतरी साउंड सिस्टिमवर लिहा. २००४ ला माईक आले, २००९ ला सिंथेसायझर, आणि आता हॉर्नलाईनच्या खाली तो घुमणारा बास असतो की कळत नाही ट्यूबा वाजतायत का स्पीकर.

सुमेधा_इंडी

लिहिते, कारण हाही शीटचाच प्रश्न आहे आणि माझ्या लेकीचा रोजचा आहे, मरिंबाला माईक नसते तर तिचं वाजवणं पहिल्या रांगेपलीकडे गेलं नसतं. पूर्वी पिटमधली (मैदानापुढे एका जागी उभं राहून वाजवणारी) पोरं मरिंबावर कडक मॅलेट घेऊन बडवायची, सूर गेला तरी चालेल पण वर ऐकू गेलं पाहिजे. माईक आल्यावर मऊ मॅलेट आले, चार-चार मॅलेटनी नीट वाजवणं आलं. हा फायदा मी मनापासून मानते.

पण म्युझिक अॅनालिसिसचा जज बसतो वर प्रेस बॉक्सच्या बाजूला, आणि त्याच्या कानावर जे पडतं त्यात मिक्सरवर बसलेल्या माणसाचा हात आहे. तो मोठा माणूस, शिकवणारा, पोरगं नव्हे. आवाजाचा समतोल चांगला होता म्हणून जो अर्धा पॉइंट मिळाला तो पोरांचा की मिक्सरवाल्याचा? टिकच्या काळात निदान इतकं होतं की मैदानावरच्या पोराने जे केलं त्याचेच पॉइंट जायचे. आज डिझाईनचे पॉइंट डिझायनरला, आवाजाचे थोडे तंत्रज्ञाला, आणि मधे एकवीस वर्षांचं पोर, ज्याने हजारो डॉलर फी भरून उन्हातान्हात मे ते ऑगस्ट घाम गाळलाय. अचीव्हमेंटची चौकट आहे म्हणून ठीक, पण तिचं वजन वाढवा असं मला फार वाटतं. काय लिहिलंय यापेक्षा पोरांनी ते किती पेललं याला जास्त द्या.

आणि अजून एक, २०२० चा सीझन कोविडमुळे रद्दच झाला आणि २०२१ ला शो झाले पण स्पर्धा नाही, स्कोअर नाही, नंबर नाही. ते शो बघा कोणी. छोटे, साधे, पण पोरं हसत होती. तरी २०२२ ला स्कोअर परत आले तेव्हा सगळ्यात जास्त आनंद पोरांनाच झाला असं आमच्या ओळखीतली वाजवणारी मुलं सांगतात. मोजून हवंच असतं त्यांना, फक्त बरोबर गोष्ट मोजली गेली पाहिजे.

पथकवाला

१९९३ बघितले. स्टार दोनदा बघितला. आता मला सगळं क्रमाने बघायचंय, शीट बदललं तसा शो बदलला हे समजेल अशी यादी द्या ना कोणीतरी.

सुमेधा_इंडी

टिकच्या काळासाठी सत्तरच्या दशकातला कुठलाही मॅडिसन किंवा व्हॅनगार्ड घ्या, रेषा किती सरळ आणि पावलं किती जपून ते बघा. मग १९८३ गारफिल्ड, अनिकेतचा लाडका. त्यानंतर १९८९ व्हॅनगार्ड, टिक जाऊन पाच-सहा वर्षं झाल्यावर पथकं किती मोकळी झाली ते तिथे दिसतं. मग २००२ कॅव्हेलियर्स, ९९.१५, ड्रिल म्हणजे काय ते. २००८ चे फँटम आणि ब्लू डेव्हिल्स लागोपाठ बघा आणि मधे स्कोअर विसरा. शेवटी २०१४ ब्लू डेव्हिल्स. रीकॅप आधी उघडू नका, प्रत्येक शोला तुम्ही स्वतः कंटेंटला किती आणि अचीव्हमेंटला किती देता ते कागदावर लिहा आणि इथे टाका, मग अनिकेत आणि मी आमचे टाकतो.

पथकवाला

चालेल. शनिवारी सराव संपला की पथकातल्या चौघांना घेऊन बसतो, आकडे रविवारी टाकतो.